फी माफ आहे, मग मूल घरी का?

1997 साली मेक्सिकोच्या गरीब खेड्यांत एक गोष्ट ठरून गेल्यासारखी होती. प्राथमिक शाळा गावातच होती. फी नव्हती. पाठ्यपुस्तकं तर सरकार 1959 पासून फुकट वाटत होतं. त्यामुळे प्राथमिकच्या वयाची 100 पैकी 90 हून जास्त मुलं शाळेत दिसायची. आणि सहावी संपली की 100 पैकी 58च पुढच्या वर्गात जायची. उरलेली 42 कुठे जायची? मुलगे मक्याच्या शेतात, मुली चुलीपाशी आणि धाकट्या भावंडांपाशी.

शिक्षणावरच्या अनुदानाची चर्चा आपल्याकडे फीपाशी सुरू होते आणि बहुतेक वेळा फीपाशीच संपते. म्हणून मला त्या 42 मुलांपासून सुरुवात करायची आहे. त्यांची फी आधीच माफ होती. तरी ती शाळेत नव्हती. असं का होतं, गरीब देशांनी त्यावर कसा पैसा घातला, कुठे तो लागू पडला, कुठे वाया गेला आणि त्यातून गरिबी खरंच हटते का, हे जमेल तितक्या साध्या शब्दांत सांगते.

बुडालेला रोज

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत ज्याला संधी-खर्च म्हणतात, त्याला आपल्याकडच्या शेतमजुराच्या घरात फार नेमका शब्द आहे: बुडालेला रोज. दवाखान्यात गेलं, रोज बुडाला. तहसीलला गेलं, रोज बुडाला. मूल शाळेत गेलं तरी रोज बुडतोच, फक्त तो कुणी मोजत नाही.

एक घर डोळ्यांसमोर आणा. मुलगा पंधरा वर्षांचा, नववीत. शाळा अनुदानित, फी नावापुरती. वह्या, गाइड, बूट, एसटीचा पास, परीक्षेची वर्गणी असं सगळं धरून वर्षाला 5,000 रुपये. आता हाच मुलगा कांद्याच्या लागवडीला, काढणीला, सोयाबीनच्या सोंगणीला गेला, तर वर्षातले 100 दिवस तरी काम मिळतं. दिवसाला 300 रुपये धरले तरी 30,000 झाले. आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमच्या भागातले घालून बघा. उत्तर फार हलणार नाही. त्या घरासाठी नववीची खरी किंमत 35,000 रुपये, आणि त्यात फी जवळजवळ शून्य. सरकार नुसती फी माफ करतं तेव्हा या 35,000 मधला सगळ्यात छोटा तुकडा उचलतं.

मुलीचं गणित याहून अवघड, कारण तिचा रोज कुठल्याच मस्टरवर लागत नाही. ती घरी थांबते, दीड वर्षाच्या भावाला सांभाळते, पाणी भरते, भाकरी टाकते, म्हणून आई खुरपायला जाऊ शकते. मुलगी शाळेत गेली तर रोज बुडतो तो आईचा. सर्वेक्षणात ही मुलगी ‘काम करत नाही’ या रकान्यात जाते.

मग कर्ज काढून का शिकवत नाहीत? मोटारसायकलीला फायनान्स मिळतो, म्हशीला मिळतो. पण नववीतलं पोर वर्षभर शाळेत ठेवायला कुणी कर्ज देत नाही. तारण काय ठेवणार? शिक्षणाचा परतावा चांगलाच असतो. जगभरच्या अभ्यासांची सरासरी काढली तर शाळेचं एक जादा वर्ष माणसाची कमाई सुमारे 9 टक्क्यांनी वाढवतं. पण तो परतावा दहा-बारा वर्षांनी येणार, आणि किराणा आज संध्याकाळी भरायचा असतो. शिवाय मुलीची कमाई सासरी जाणार असं ज्या घरांत धरूनच चालतात, तिथे खर्च एकाचा आणि फायदा दुसऱ्याचा असा हिशोब होतो. बाजार हा प्रश्न सोडवत नाही. शिक्षणावर अनुदान का द्यायचं, याचं मुख्य कारण हेच आहे.

आई-वडिलांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही, हे आपण फार सहज म्हणतो. डोमिनिकन रिपब्लिकमध्ये रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने ते तपासून पाहिलं. आठवीतल्या मुलांना विचारलं, तर शिकलेल्याला किती जास्त पगार मिळतो याचा त्यांचा अंदाज खऱ्या आकड्यापेक्षा खूप कमी होता, कारण त्यांच्या गल्लीत शिकलेली माणसं राहतच नव्हती. काही शाळांतल्या मुलांना खरे आकडे सांगितले. पुढच्या चार वर्षांत ही मुलं सरासरीने थोडी जास्त शिकली. मात्र फायदा झाला तो त्यातल्या त्यात बऱ्या स्थितीतल्या घरांतल्या मुलांना. सगळ्यात गरीब मुलांना आकडा कळला, पटला, आणि त्यांना करता काहीच आलं नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. गरीब आईला महत्त्व कळतं. तिच्याकडे रोज बुडवायची ऐपत नसते.

आईच्या हातात पैसे

डिसेंबर 1994 मध्ये मेक्सिकोचं चलन, पेसो, कोसळलं. पुढच्या वर्षी देशाचं उत्पन्न सुमारे 6 टक्क्यांनी घटलं. त्या वेळी गरिबांसाठीची मदत बरीचशी स्वस्त तोर्तिया (मक्याची पोळी) आणि स्वस्त दूध या रूपात होती, आणि ती शहरांतच जास्त पोचायची. दारिद्र्य मात्र खेड्यांत होतं. अर्थमंत्रालयातले सान्तियागो लेवी आणि लोकसंख्येचे अभ्यासक होसे गोमेझ दे लेओन यांनी वेगळी योजना मांडली, आणि ऑगस्ट 1997 मध्ये राष्ट्राध्यक्ष एर्नेस्तो सेदियो यांच्या सरकारने ती सुरू केली. नाव होतं प्रोग्रेसा.

योजना समजायला सोपी. गरीब कुटुंबातल्या आईला दर दोन महिन्यांनी रोख रक्कम. अट दोनच प्रकारची: तिसरी ते नववीतल्या मुलांची शाळेत 85 टक्के हजेरी, आणि घरातल्यांची दवाखान्यात वेळच्या वेळी तपासणी. 1998 च्या उत्तरार्धात तिसरीतल्या मुलासाठी महिन्याला सुमारे 70 पेसो मिळत, सहावीत 135 च्या आसपास, आणि नववीत मुलासाठी 225 तर मुलीसाठी 255 च्या घरात. महागाई वाढली की दर सहा महिन्यांनी रक्कमही वाढवली जाई.

या दरांकडे जरा थांबून बघावं असं मला नेहमी वाटतं, कारण तो तक्ता बनवणाऱ्याला बुडालेला रोज कळला होता. आठ वर्षांच्या मुलाला शेतात फारसं काही जमत नाही, म्हणून तिसरीला रक्कम कमी. चौदा वर्षांचा मुलगा बाप्याचं अर्धं काम ओढतो, म्हणून नववीला तिप्पट. मुली आधी गळतात, म्हणून माध्यमिक वर्गांत मुलींना जास्त. आणि पैसे आईकडे, कारण घरात मुलांच्या ताटाकडे आणि वह्यांकडे तिचं लक्ष जास्त असतं, असं तोवरच्या अनेक पाहण्यांत दिसलेलं होतं.

दुसरी चांगली गोष्ट त्यांनी केली ती मोजमापाची. सगळ्या गावांत एकदम सुरू करायला पैसे नव्हतेच. मग सात राज्यांतली 506 गावं निवडली, आणि सोडत काढून 320 गावांत योजना आधी सुरू केली, 186 गावांत साधारण दीड-दोन वर्षांनी. दोन्हीकडची गावं सारखीच, फरक फक्त पैशाचा. त्यामुळे पुढे जे दिसलं ते योजनेमुळेच दिसलं, असं छातीठोकपणे सांगता आलं.

दिसलं काय? प्राथमिक वर्गांत फारसा फरक पडला नाही, कारण मुलं आधीच शाळेत होती. फरक पडला तो नेमका सहावीच्या उंबरठ्यावर. तिथे 100 पैकी 58 पुढे जायची, ती सुमारे 69 जायला लागली. मुलींमध्ये ही वाढ जवळपास 15 जणींची होती, मुलांमध्ये साडेसहांची. एकूण शिक्षणात सरासरी पाऊण वर्षाच्या जरा आतली भर पडेल असा अंदाज निघाला.

पाऊण वर्ष म्हणजे काहीच नाही असं वाटू शकतं. पण सरासरीत सगळी मुलं येतात, आणि त्यातली बरीच पैशाशिवायही शिकलीच असती. जिचं शिक्षण सहावीला तुटलं असतं आणि नववीपर्यंत गेलं, तिच्यासाठी ती तीन पूर्ण वर्षं आहेत. पुढे ही मुलं मोठी झाल्यावर पुन्हा पाहणी झाली, तेव्हा लहानपणी योजनेत असलेल्या बायका जास्त शिकलेल्या आणि कमावत्या असण्याचं प्रमाण जास्त आढळलं. योजनेचं नाव मात्र सरकारांबरोबर बदलत गेलं. 2002 मध्ये ओपोर्तुनिदादेस, 2014 मध्ये प्रोस्पेरा, आणि 2019 मध्ये ती गुंडाळून तिच्या जागी वेगळ्या शिष्यवृत्त्या आणल्या गेल्या. तोवर ही कल्पना जगभर पसरली होती. ब्राझीलमध्ये तर तिची सुरुवात आधीच, 1995 मध्ये, राजधानी ब्राझिलिया आणि कांपिनास शहरात झाली होती. 2003 मध्ये तिचंच बोल्सा फमिलिया झालं आणि कोट्यवधी घरांपर्यंत गेलं.

शेजारच्या बांगलादेशाचं उदाहरण आपल्याला जास्त जवळचं. 1994 पासून तिथे ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन सुरू झालं. अटी तीन: 75 टक्के हजेरी, परीक्षेत 45 टक्के गुण, आणि तिसरी, लग्न झालेलं नसणं. रक्कम छोटी होती. पण सोयरीक घेऊन आलेल्या माणसाला ‘आत्ता नको, तिचे पैसे बंद होतील’ असं सांगायची एक सोय त्यामुळे आईला झाली असणार, असं मला वाटतं. घरात जी गोष्ट तत्त्व म्हणून बोलता येत नाही, ती व्यवहार म्हणून बोलता येते.

पण फीसुद्धा फी असते

इथे एक गैरसमज नको. जिथे फी खरोखर घेतली जाते, तिथे ती काढून टाकणं ही मोठीच गोष्ट आहे. मलावीने 1994 मध्ये प्राथमिक शाळेची फी बंद केली, आणि एका वर्षात पटावरची मुलं सुमारे 19 लाखांवरून 29 लाखांच्या पुढे गेली. युगांडाने 1997 मध्ये तेच केलं, केनियाने जानेवारी 2003 मध्ये. केनियात पहिल्याच वर्षी 59 लाखांची 72 लाख झाली. तिथल्या किमानी मारुगे या 84 वर्षांच्या आजोबांनी 2004 मध्ये पहिलीत नाव घातलं. ज्यांच्या घरात आयुष्यभर फीला पैसे जमले नाहीत, असे ते एकटे थोडेच होते?

अडचण दुसऱ्या बाजूने आली. मुलं वाढली, तितके शिक्षक आणि वर्ग वाढले नाहीत. एका खोलीत शंभर-शंभर मुलं बसली. ऐपत असलेले पालक मुलांना खाजगी शाळेत घेऊन गेले, आणि सरकारी शाळेत उरली ती ज्यांचा आवाज कुणी ऐकत नाही अशांची मुलं.

इंडोनेशियाचा अनुभव याच्या नेमका उलट्या टोकाचा. 1973 नंतर तेलाचा पैसा आला, तेव्हा त्या देशाने पाच-सहा वर्षांत 61,000 हून जास्त प्राथमिक शाळा बांधल्या, आणि जिथे मुलं शाळेबाहेर जास्त, तिथे शाळा जास्त असा नियम ठेवला. पुढे एस्तेर द्युफ्लो यांनी त्या मुलांचा मोठेपणीचा पगार तपासला. (अभिजित बॅनर्जी आणि मायकेल क्रेमर यांच्याबरोबर 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याच या.) दर हजार मुलांमागे एक नवी शाळा झाली, तर त्या पिढीचं शिक्षण सरासरी 0.12 ते 0.19 वर्षांनी आणि पगार दीड ते पावणेतीन टक्क्यांनी वाढलेला दिसला. आकडे लहान दिसतात, पण ते एका अख्ख्या पिढीचे आहेत आणि आयुष्यभराच्या पगाराचे आहेत. शिक्षणाने गरिबी हटते म्हणतात ती अशी, वीस-पंचवीस वर्षांनी, हळू. एका निवडणुकीत दाखवता येण्यासारखं त्यात काही नाही.

आणि कधी कधी अडसर ना फीचा असतो ना शाळेचा. तो रस्त्याचा असतो. बिहारमध्ये 2006 मध्ये नितीश कुमार यांच्या सरकारने नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी 2,000 रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून पाहिलं. माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण सुमारे 32 टक्क्यांनी वाढलं होतं, आणि वाढ मुख्यतः अशा गावांत होती जिथून शाळा 3 किलोमीटरपेक्षा लांब होती. गावातच शाळा असेल तर सायकलीने काय फरक पडणार? शिवाय दहा मुली एकदम सायकलीवरून जायला लागल्या की रस्ता त्यांचा होतो. एकट्या मुलीला पाठवताना आईच्या पोटात गोळा येतो, तो दहाजणींबरोबर पाठवताना येत नाही.

अट घालावी की नाही

यावर अभ्यासकांत बराच वाद आहे आणि मला स्वतःला तो अजून पूर्ण सुटल्यासारखा वाटत नाही. मलावीच्या झोम्बा जिल्ह्यात 13 ते 22 वर्षांच्या मुलींवर एक प्रयोग झाला. काहींच्या घरी पैसे शाळेच्या हजेरीवर मिळायचे, काहींच्या घरी बिनशर्त. गळती दोन्हीकडे कमी झाली, पण अट असलेल्या गटात दुपटीहून जास्त. परीक्षेतही त्याच मुली पुढे होत्या. इथवर अटीच्या बाजूने निकाल लागला असं वाटेल. पण लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं बिनशर्त गटात खूपच कमी झाली. कारण उघड आहे: ज्या मुलीची शाळा काही ना काही कारणाने सुटलीच, तिचे पैसे अटीच्या गटात बंद झाले. म्हणजे जिला आधाराची सगळ्यात जास्त गरज होती, तिच्या हातून तो त्याच क्षणी गेला.

मोरोक्कोत पैसे मिळवायला हजेरीची अट न घालता नुसतं ‘हे मुलाच्या शिक्षणासाठी’ असं सांगून दिले, तरी शाळेतलं प्रमाण अट घातल्याइतकंच सुधारलं. रक्कम लहान होती आणि पैसे शाळेतच नावनोंदणी करून मिळत होते. हजेरी तपासायची यंत्रणाच जिथे कच्ची आहे, तिथे अट म्हणजे गरिबाला आणखी एक हेलपाटा, हे विसरून चालणार नाही.

कोलंबियाची राजधानी बोगोटा इथला प्रयोग मला सगळ्यात जास्त शिकवून गेला. तिथे काही मुलांना दर दोन महिन्यांनी पूर्ण रक्कम दिली. दुसऱ्या गटाला दर वेळी थोडी कमी दिली, आणि बाजूला ठेवलेला भाग वर्षाच्या शेवटी, पुढच्या वर्गात नाव घालायच्या वेळी, एकरकमी हातात दिला. एकूण पैसे तेवढेच. हजेरीतला फायदाही तेवढाच. पण पुढच्या वर्षी शाळेत परतणारी मुलं दुसऱ्या गटात जास्त होती. गरीब घरात महिन्याचे पैसे महिन्यात जिरतात. जूनमध्ये एकदम येणारा खर्च कुठून काढायचा, हा प्रश्न तसाच राहतो. त्याच पाहणीत आणखी एक गोष्ट सापडली, आणि ती वाचून मी बराच वेळ अस्वस्थ होते. ज्या घरात एका मुलाला पैसे मिळाले आणि दुसऱ्याला नाही, तिथे त्या दुसऱ्या भावंडाचं, विशेषतः बहिणीचं, शाळेत जाणं कमी झालं. घराने आपल्या परीने हिशोब केला: याचे पैसे येतात, हा शाळेत जाईल, काम हिने करायचं.

कोणाचा पैसा, कोणाची मुलं

19 ऑक्टोबर 1882 रोजी महात्मा फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे जे निवेदन दिलं, त्याचा गाभा आजच्या भाषेत सांगायचा तर अनुदान कुणाला मिळतं हाच आहे. सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, हे त्यांनी स्पष्ट मांडलं. प्राथमिक शिक्षण बारा वर्षांपर्यंत सक्तीचं करा, आणि ज्या समाजांत शाळेची ओढ अजून लागलेली नाही त्यांच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसं द्या, ही त्यांची मागणी होती. प्रोग्रेसाच्या आधी 115 वर्षं.

जानेवारी 2023 मध्ये युनिसेफने 102 देशांचे आकडे मांडले, तर चित्र तेच. शिक्षणावरच्या सरकारी पैशातला सर्वात गरीब 20 टक्के मुलांच्या वाट्याला 16 टक्के जातो, सर्वात श्रीमंत 20 टक्क्यांच्या वाट्याला 28. सगळ्यात कमी उत्पन्नाच्या देशांत तर 11 विरुद्ध 42. यात कुणी पळवापळवी केलेली असायलाच हवी असं नाही. महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्यावर सरकार प्राथमिकच्या मुलापेक्षा कितीतरी जास्त खर्च करतं, आणि तिथवर गरिबाचं मूल पोचतच नाही. त्यामुळे कॉलेजची फी सरसकट माफ केली की तो पैसा मोठ्या प्रमाणात बऱ्या घरांत जातो. घोषणा मात्र गरिबांच्या नावाने होते.

महाराष्ट्राने 2024 मध्ये वर्षाला 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ केली. चांगलाच निर्णय आहे. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत त्याने खरोखर दिवा लागला. पण तो शाळा पार केलेल्या मुलीला मिळतो. याच राज्यात 1992 मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त घरांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता सुरू झाला होता: दिवसाला 1 रुपया. कल्पना प्रोग्रेसाचीच, आणि पाच वर्षं आधीची. पुढची कित्येक वर्षं तो 1 रुपयाच राहिला. शाळेचे 220 दिवस भरले तर वर्षाचे 220 रुपये. मेक्सिकोत रक्कम दर सहा महिन्यांनी वाढत होती ती का, हे इथे कळतं. 1992 च्या रुपयात काही तरी यायचं. वीस वर्षांनी त्याच रुपयात पेन्सिलही येईना.

शाळेत बसून काय

ही बाजू टाळता येणार नाही. अनुदानाने मूल वर्गापर्यंत येतं. तिथे ते शिकेलच असं नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीत 2024 मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. कोविडच्या आधी जागतिक बँकेने काढलेल्या अंदाजात गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या दहा वर्षांच्या निम्म्याहून जास्त मुलांना साधा परिच्छेद वाचून समजत नव्हता. प्रोग्रेसातही मुलं शाळेत राहिली, पण परीक्षेतल्या गुणांत म्हणावा तसा फरक सुरुवातीला दिसला नाही.

याचा अर्थ पैसे देणं चुकलं असा मी लावत नाही. आईला दिलेले पैसे शिक्षकाची रिकामी जागा भरू शकत नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. ज्या शाळेत चार वर्गांना मिळून एक गुरुजी आहेत, तिथे पोर 85 टक्के हजर राहून काय करणार? आणि आईच्या लक्षात ते कुणाहीपेक्षा आधी येतं. पोराला पाचवीत साधी वजाबाकी येत नसेल, तर बुडालेला रोज तिला जास्तच टोचतो.

तरीही एक फायदा मला सोडवत नाही. शाळेत दुपारी शिजलेलं अन्न. तमिळनाडूने 1982 मध्ये एम. जी. रामचंद्रन यांच्या काळात ते मोठ्या प्रमाणावर सुरू केलं, देशभर 1995 पासून योजना आली, आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नुसतं कोरडं धान्य नको, शिजवलेलं जेवण द्या, असा आदेश दिला. यात अर्ज नाही, दाखला नाही, बँक खातं नाही. जे मूल येईल ते जेवेल. गरिबाला मदत पोचवायची याहून कमी हेलपाट्यांची वाट मला तरी माहीत नाही.

उचल आणि शिष्यवृत्ती

शेवटी बीडकडचं सांगते, कारण तिथलं मी जवळून पाहते. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ‘एक कोयता’ म्हणतात. दिवाळीच्या आगेमागे ही माणसं बिऱ्हाड घेऊन निघतात, ती मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे शाळेचं निम्मं वर्ष. मुलांनी गावातच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहं आहेत. मुलं आजी-आजोबांकडे झोपतात आणि दोन वेळचं जेवण शाळेकडे. जिथे ती वेळेवर सुरू होतात तिथे मुलं थांबतात. शाहू महाराजांनी 1901 पासून कोल्हापुरात वसतिगृहं उभी केली आणि 1917 मध्ये मोफत सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, तेव्हा पोराच्या शिक्षणात राहायचं-जेवायचं आधी येतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पण त्या घरांशी बोलताना मला एक गोष्ट दिसते, जी शिष्यवृत्तीच्या कुठल्या जीआरमध्ये नसते. ऊसतोडीची टोळी जमवणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. हंगामाच्या आधी, पाऊस संपता संपता, घरात धान्य आणि पैसे दोन्ही संपलेले असतात तेव्हा. रोख, एका बैठकीत, कागदाशिवाय. कुठल्या महिन्यात घर अडतं हे त्याला पाठ असतं. आणि एकदा उचल घेतली की माणसं जास्त लागतात, कारण ती ऊस तोडूनच फिटते.

मागच्या वर्षी जूनच्या शेवटी नववीतल्या एका मुलीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायला मी तिच्या आईबरोबर गेले होते. उत्पन्नाचा दाखला जुना निघाला. तो नवा काढायला एक खेप. मग कळलं, खातं आधारशी जोडलेलं नाही. त्याला दुसरी खेप. बँकेत मशीन बंद होतं, म्हणून तिसरी. खुरपणीचे दिवस होते, आईचे तीन रोज बुडाले. ऑगस्टमध्ये फॉर्म एकदाचा पुढे गेला. सप्टेंबरात तिच्या नवऱ्याने उचल घेतली. ऑक्टोबरात मुलगी मला म्हणाली, “ताई, पैसे आले की मी आजीकडं राहीन, आई तसं म्हणलीय.” मी दर आठवड्याला अर्जाची स्थिती बघत होते.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पैसे जमा झाल्याचा मेसेज आईच्या फोनवर आला. त्या दिवशी मायलेकी सांगली जिल्ह्यातल्या एका फडात वाढं बांधत होत्या.